पिशवी काढलेली

त्या दिवशी दुपारपर्यंत दानम्मानं सोयाबीनच्या चार पाती काढल्या आणि तिच्या लेकीनं दीड. लेक मंजुषा लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सुट्ट्या जोडून आल्या म्हणून ती गावी आली होती आणि आली तशी विळा घेऊन पातीला बसली होती. साठी ओलांडलेली आई पुढं आणि चाळिशीतली लेक मागं, हे बघून बांधावरून जाणारा नरसिंग थांबला. म्हणाला, "बाईसाहेब, पुस्तकाची पानं न्हाईत ती. बुडातून धरा."

दानम्मानं मान वर केली नाही. "तुझी बायको तर विळाच धरत न्हाई, नरसिंग. तिला आदी शिकीव, मग माझ्या लेकीकडं ये."

नरसिंग हसत पुढं गेला.

ऊन चढलेलं होतं, पण दक्षिणेकडं ढगांची काळी कड दिसत होती. सगळ्या रानाची नजर तिकडंच. मंजुषाचा भाऊ अमरनाथ ताडपत्री आणायला चाकूरला गेला होता. वडील, म्हणजे गुरुलिंगअप्पा, काढलेलं सोयाबीन एका जागी गंजीसारखं रचून त्याची बनीम घालत होते. भावजय रेणुका पाठीला पदर आवळून पेंढ्या वाहत होती. वाळल्या शेंगांची टोकं सगळ्यांच्याच हातात घुसत होती. मंजुषाच्या तळव्यावर रक्ताचे दोन ठिपके आले होते आणि ती ते सारखे बघत होती. दानम्माचा तळवा चामड्यासारखा होता, त्यात काही घुसत नव्हतं.

जेवायला त्या दोघी विहिरीजवळच्या लिंबाखाली बसल्या. रेणुका अजून पेंढ्यांपाशीच होती. दानम्मानं हात धुतले, गळ्यातलं इष्टलिंग पदराआड नीट केलं, भाकरीचं फडकं सोडलं. मग फडक्याकडंच बघत म्हणाली, "मंजे, दोन म्हैने झाले. डाग पडून राहिलेत."

मंजुषा नखानं तळव्यातलं कुसळ काढत होती. "कसले डाग?"

"पाळीचे असत्यात तसले. थोडे थोडे."

"अव्वा, तुझी पिशवी काढून सव्वीस वर्षं झाली. पाळी येईल कुठून? मूळव्याध असेल. तिखट कमी कर थोडे दिवस."

"हाव. मलाबी तसंच वाटलं," दानम्मा म्हणाली. डोक्यावरची पाटी खाली ठेवावी तशी तिची मान सैल झाली. शिकलेल्या लेकीनं सांगितलं म्हणजे झालं. मग तिनं भाकरीवर ठेचा घेतला, नेहमीइतकाच, आणि लेकीनं डोळे वटारले तेव्हा म्हणाली, "उद्यापासून."

त्या भाकरी मोडत होत्या तेवढ्यात आशाताई आरती बांधानं आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले फॉर्म. गावातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची माहिती भरायची होती, वरून फोनवर फोन येत होते, आणि बायका घरी सापडत नव्हत्या म्हणून ती रानोरान हिंडत होती. चप्पल चिखलात तुटली होती, ती तिनं हातात धरली होती. तिनं दानम्माचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि पुढं विचारायच्या आतच दानम्मा म्हणाली, "माझी पिशवी न्हाई बाई. मी सुटले. सुनेचं लिव तुझं काय ते."

आरतीनं कडेला 'पिशवी काढलेली' असं लिहिलं आणि खालच्या सगळ्या प्रश्नांवरून एक तिरकी रेघ मारली. पट्टी न लावता मारलेली, पण सरळ. त्या प्रश्नांत एक प्रश्न रक्त जाण्याबद्दलचा होता. मंजुषा शेजारीच बसून पाणी पीत होती. रेघ तिनं बघितली. गावात असल्या रेघा पन्नास-साठ बायकांच्या नावावर होत्या. कुणाची तिसाव्या वर्षी पिशवी काढलेली, कुणाची पस्तिसाव्या. कंबर दुखते, अंगावरून जातं, काढून टाका. एकदा काढली की दवाखान्याशी संबंध संपला, असं त्या बायका धरून चालायच्या. आरतीही तसंच धरून चालायची, कारण तिलाही तेवढंच शिकवलं होतं.

रेणुकाला तपासणीला ये म्हटलं तर ती म्हणाली, सोयाबीन झाल्यावर बघू.

संध्याकाळी ताडपत्री आली, पाऊस मात्र आला नाही. दानम्मानं कपाळाला विभूती लावली, तळहातावर लिंग घेऊन पूजा केली, दहा भाकरी थापल्या आणि कंबर धरून उठली. कंबर धरूनच ती गेली वीस वर्षं उठत होती. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंढी उचलताना ती एकदम खाली बसली. रेणुकानं हात दिला, उठवलं, तर लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी आतून तपासलं, तुकडा काढून पाठवला, आठ दिवसांनी बोलावलं. त्या खेपेला अप्पांनी ट्रंकेतला जुना कागद नेला होता. सव्वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा, इंग्रजीतला, घडीवर फाटलेला. डॉक्टरीणबाईंनी त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "पिशवी काढली, पण पिशवीचं तोंड आतच ठेवलंय. गाठ तिथं आहे. तोंडाची तपासणी कधी केली होती का?"

अप्पा म्हणाले, "पिशवीच न्हाई तर तपासायचं काय, डॉक्टर?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तोंड ठेवलेल्या बाईची तपासणी करत राहावी लागते, अप्पा. कुणीच सांगितलं नाही का तुम्हाला?" ही विचारणा त्या फार जणांना करत असाव्यात. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मंजुषा हाती लागेल ते वाचणारी. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून वाचायची. घरातल्या ट्रंकेतली ही एक ओळ तिनं कधी वाचली नव्हती.

मग डॉक्टरीणबाईंनी दानम्माला विचारलं, "आजी, रक्त जातंय हे आधी कुणाला बोलला होता का?"

दानम्मा टेबलावर पडली होती. तिनं छताकडं बघितलं. म्हणाली, "न्हाई."

मंजुषा तिच्या पायाशी उभी होती.

पुढं आठ महिने गेले. शेक झाले, सुया झाल्या. तळव्याचं चामडं इतकं मऊ झालं, की मंजुषाला तो हात धरवेना. मृग निघायच्या चार दिवस आधी दानम्मा गेली. अय्यांनी, म्हणजे जंगमांनी, विधी केले. बांधाच्या कडेला खड्डा घेतला, हातात लिंग देऊन तिला बसवलं आणि माती दिली. अप्पांनी त्या जागेभोवती तारेचं कुंपण केलं, बैल जाऊ नयेत म्हणून.

भेटायला येणारं माणूस आलं की एकच वाक्य बोलायचं. सांगितलं असतं तर वाचली असती. पहिल्यांदा ते अप्पांनीच म्हटलं होतं. मग पाहुणे म्हणाले, शेजारणी म्हणाल्या, आरतीही म्हणाली. बायका लपवतात, अंगावर काढतात, मग हे असं होतं. हळूहळू ते त्या घराचंच वाक्य झालं. मंजुषा मान हलवायची. कॉलेजात कुणी विचारलं तर तीही म्हणायची, "सांगितलंच नाही हो तिनं." एवढ्या सहज म्हणायची, की एखाद्या दिवशी ते तिला खरं वाटायचं. मग दिवसभर ती कुणावर तरी चिडलेली असायची. शिपायावर, नवऱ्यावर, उशिरा पुस्तकं आणून देणाऱ्या पोरांवर.

त्या सप्टेंबरात पाऊस थांबायचं नाव घेईना. ओढे रानात शिरले, सोयाबीन पंधरा दिवस पाण्यात उभं राहिलं, शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटले. अमरनाथचा फोन आला तेव्हा मंजुषाला वाटलं, पिकाचं सांगेल. पिकाचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "यंदा काढायला तर काही राहिलं न्हाई, ताई. मोकळाच वेळ हाय. तवा म्हणलं रेणुकाची पिशवी काढून घ्यावी. सोमवारची तारीख दिलीय डॉक्टरनं."

मंजुषानं फोन ठेवला, रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसली.

अमरनाथ रानात गुडघाभर चिखलात उभा राहून फावड्यानं चर काढत होता. पाणी निघून जायला पाहिजे तर चर खालच्या अंगाला हवा, पण खालचं रान नरसिंगचं, आणि नरसिंग म्हणत होता, माझ्या पाण्यात तुझं कशाला. बहीण बांधावर उभी राहिली तरी त्याचं फावडं थांबलं नाही. मंजुषानं विचारलं, रेणुकाला झालंय काय. तो म्हणाला, पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी दहा-दहा दिवस राहती. सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज हाय, पुढं जाऊन काहीही होऊ शकतं, काढलेली बरी.

"आतून तपासलं का तिला?"

"तसलं मी कसं इचारू?"

"मग काढायची म्हणून ठरवलंस कसं? एकतीस वर्षांची आहे ती."

आता त्यानं फावडं थांबवलं. चिखलाचा शिंतोडा गालावर तसाच ठेवून तो शांतपणे, बहिणीला समजावून सांगावं तसं बोलला. "ताई, अव्वाचं काय झालं? पिशवी काढली पन तोंड ठेवलं. तिथंच घात झाला. हिचं समदंच काढायचं. डॉक्टरला दोनदा बजावलंय मी. काहीच ठेवलं न्हाई तर होईल कुठून?"

त्याचं बोलणं वेडेपणाचं नव्हतं. आईच्या मरणातून त्यानं धडा घेतला होता, मनापासून घेतला होता, आणि तो उलटा घेतला होता. त्याला काय म्हणावं? मंजुषानं बांधावर बसलेल्या अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "नवरा-बायकोचं ठरलंय. आपुन काय बोलावं."

घरी रेणुका मोरीत बसून दगडानं टाचा घासत होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, पांढरी पडलेली कातडी सोलून निघत होती. मंजुषानं तिला पंधरा मिनिटं समजावलं. पिशवी काढली की पाळी जाते, पण त्यासोबत हाडं जातात, कंबर जाते. अंडाशयं काढली तर चाळिशीच्या आतच म्हातारपण येतं. आजार असेल तर तो तपासून कळेल, औषधानंही जाईल. रेणुका ऐकत होती आणि टाच घासत होती.

"वन्सं," शेवटी ती म्हणाली, "तुमचं बरं हाय. खुर्चीवर बसून चार दिवस काढता, मागं बाथरूम हाय. मी आठ दिवस त्या पाण्यात हुबी होते. कापड कुठं बदलू? उसात जाऊ तर उसात साप निघून राहिलेत. मला नकोच हाय ती पिशवी. दोन लेकरं झाली, तिचं काम झालं."

मंजुषा म्हणाली, "काढायची तर काढ. पण आधी एकदा तपास. गुरुवारी आपल्याच केंद्रात आहे तपासणी. मी येते सोबत."

"तपासल्यावर काही निघालं तर? आत्याबाईचं तपासलं तवाच निघालं. तवर तर पेंढ्या उचलत हुत्या."

"तपासलं म्हणून निघालं नाही, रेणुका. होतं म्हणून निघालं."

तपासणीची गोष्ट अमरनाथपर्यंत गेली. तो म्हणाला, गुरुवारी तपासा, माझी काय ना न्हाई, पन सोमवार बदलनार न्हाई.

गुरुवारी ओढ्याच्या पुलावर पाणी होतं. टमटमवाला अलीकडंच थांबला. दोघींनी चपला हातात घेतल्या, लुगडं-साडी गुडघ्यापर्यंत धरली आणि कडेच्या दगडांवरून पलीकडं गेल्या. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात पंचवीसेक बायका बसल्या होत्या. दहाची वेळ होती, तालुक्याच्या डॉक्टरीणबाई एकला आल्या. त्यांचीही गाडी पाण्यात अडकली होती. वीज सकाळपासून नव्हती. तपासणीच्या खोलीला पडदा होता, पण तो दारापेक्षा वीतभर आखूड. आतल्या बाईचे पाय बाहेरच्या सगळ्यांना दिसायचे आणि पैंजणावरून कुणाचे ते ओळखू यायचं.

सुनेसोबत आलेली लक्ष्मीबाई सत्तरीची होती. तिनं तोंडाला पदर लावून सांगितलं, "मला बी तपासा म्हणत हुती ती नर्स. म्हणलं, बाई, माझं दुकान कवाच बंद झालं, आता कुलूप कशाला हलीवती?" व्हरांडा हसला. आरती फॉर्म लिहीत बसली होती, तीही हसली.

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, ज्यांची पिशवी काढलीय त्यांनी बसू नका, घरी जा, उगीच गर्दी नको. सहा-सात बायका उठल्या. मंजुषाही उठली.

"त्यांचे कागद बघितले का तुम्ही? कुणाचं तोंड ठेवलंय, कुणाचं काढलंय?"

"मॅडम, फॉर्ममध्ये तेवढाच रकाना हाय. पिशवी काढली, हो का न्हाई."

"मग रकान्यावर घालवणार का त्यांना?"

"मी कुठं घालवून राहिले? वरून तसंच सांगितलंय." नर्स भांडखोर नव्हती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता आणि एका बाजूला मोबाईल वाजतच होता. मंजुषा आत जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोलली. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, कागद घेऊन पुढच्या वेळी बोलवू. बाहेर येईपर्यंत त्या बायका पुलाच्या दिशेनं निघूनही गेल्या होत्या. लक्ष्मीबाई म्हणाली, "त्यांना हाक मारू नको, पोरी. सुटल्या त्या." मंजुषानं डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि उघडले.

रेणुका भिंतीला टेकून पडद्याखालचे पाय बघत होती. तिचा चेहरा पाहून मंजुषा नर्सला म्हणाली, माझं नाव आधी घ्या.

"वय?"

"बेचाळीस."

"याआधी कधी केली?"

"नाही."

नर्सनं एकदा तिच्या चष्म्याकडं, एकदा तिच्या हातातल्या पुस्तकाकडं बघितलं आणि लिहून घेतलं.

टेबलावरचं रेक्झिन गार होतं. नर्सनं मोबाईलची बॅटरी धरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास सोडा, अंग सैल ठेवा, आणि मंजुषाला कळलं की आपलं अंग किती आवळलेलं आहे. गार लोखंड लागलं. ओढल्यासारखं झालं. मग शिरक्यासारखा आंबट वास आला, कापसाचा बोळा लागला, थोडं चुरचुरलं. मिनिटभर सगळे थांबले. छताला पाणी गळून पिवळी नक्षी पडली होती. असल्याच एका टेबलावरून आई छताकडं बघून न्हाई म्हणाली होती. "पांढरा डाग नाही. साफ आहे," बाई म्हणाल्या. "पाच वर्षांनी परत या." सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढा वेळ.

बाहेर येऊन ती रेणुकाजवळ बसली. म्हणाली, गार लागतं, लाज वाटते, दुखत नाही. काही निघालं नाही.

"तुमचं साफच असनार," रेणुका म्हणाली, आणि चपला पायात सरकवून उठली.

"कुठं निघालीस?"

"घरी. मला न्हाई करायचं. सोमवारी जायचंच हाय तर आज कशाला उघडं पडू?" तिचा आवाज चढला नव्हता, पण व्हरांडा ऐकत होता. "मी काय आत्याबाईसारखं लपीवलं न्हाई, वन्सं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई, म्हणून त्या गेल्या. सगळं गाव म्हणतंय. तुम्ही पन म्हणता. मी येळेवर सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरनं टेबलाच्या पलीकडूनच सांगितलं, काढा. झालं ना मग? सांगनाराला काही होत नसतंय."

लक्ष्मीबाईनं मान हलवली. आरतीही खाली बघून म्हणाली, खरं हाय, दानम्माकाकूंनी एका शब्दानं जरी सांगितलं असतं.

आतून नर्सनं हाक दिली, "रेणुका अमरनाथ." कुणी ओ दिली नाही. रेणुका पायरीपर्यंत गेली होती. पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली होती, म्हणून तिनं पदर डोक्यावर घेतला. मंजुषाला दिसत होतं की ही आता पूल ओलांडणार, आणि सोमवारी जीपमध्ये बसणार, आणि मग हिच्या नावावरही एक रेघ पडणार.

"अव्वानं सांगितलं होतं," ती म्हणाली.

रेणुका वळली. आरतीचं पेन थांबलं.

"मला सांगितलं होतं. तू पेंढ्या वाहत होतीस तेव्हा, लिंबाखाली. आरती, तू फॉर्म घेऊन आलीस त्याच्या थोडं आधी. दोन महिन्यांपासून डाग पडतायत म्हणाली. मी हातातलं कुसळ काढत होते. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवी नाही तर पाळी कुठून येईल म्हटलं. मूळव्याध असेल म्हटलं. तिला बरं वाटलं ते ऐकून." मंजुषा पायरीकडं दोन पावलं गेली. "रेणुका, तिनं वेळेवर सांगितलं होतं. तुझ्यासारखंच. तिला कुणी तपासलं नाही आणि तुलाही अजून कुणी तपासलेलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी कुणाला बोलला होता का, तर ती न्हाई म्हणाली. मी तिच्या पायाशी उभी होते. माझ्यासाठी म्हणाली ती. आणि मी तिला म्हणू दिलं."